नऊ लूप आणि एक बूट

डिसेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी सहा ते पहाटे तीन एवढ्या वेळात मी जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला, पोहाळ्याच्या बाजूला, एकाच वाटेनं नऊ फेऱ्या मारल्या आणि दहाव्या फेरीला सुटायच्या लायनीपर्यंत जायचं होतं, फक्त पंधरा पावलं, ती मला जमली नाहीत. भेटेल तो विचारतोय की नऊ केलास मग दहावा का नाही, पाय गेले काय, म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो. पाय गेले नव्हते.

आधी प्रकार काय ते सांगतो. अमेरिकेत टेनेसीत गॅरी कँट्रेल म्हणून एक दाढीवाला माणूस आहे, रनिंगवाले त्याला लाझरस लेक म्हणून ओळखतात, त्यानं २०११ ला स्वतःच्या घरामागच्या रानात हा खेळ सुरू केला आणि नाव दिलं स्वतःच्या कुत्र्याचं, बिग्ज बॅकयार्ड अल्ट्रा. नियम ऐकायला एकदम सोपा. ६.७०६ किलोमीटरचा लूप, एका तासात संपवायचा, पुढचा तास सुरू झाला की पुन्हा सगळे एकत्र सुटणार. आकडा असा तिरपागडा का, तर चोवीस तासात बरोबर शंभर मैल व्हावेत म्हणून. तुम्ही चाळीस मिनिटात आला तर वीस मिनिटं बसा, एकोणसाठ मिनिटात आला तर पाणी पण प्यायला मिळणार नाही. असं करत शेवटी एकच गडी उरेपर्यंत चालू ठेवायचं, त्यानं एकट्यानं एक जादा लूप मारला की तो जिंकला आणि बाकी सगळ्यांच्या नावापुढं डीएनएफ, म्हणजे पूर्ण केलं नाही. दोन नंबर, तीन नंबर असलं काही नाहीच. २०२३ ला हार्वी लुईस नावाच्या माणसानं तिथंच १०८ लूप मारले, साडेचार दिवस, ७२४ किलोमीटर, आणि पेशानं हा बाबा शाळामास्तर. पुढं तो पण रेकॉर्ड मोडला, पण १०८ म्हटल्यावर आमच्या आईनं लगेच विचारलं, जपमाळ घेऊन पळत होता काय.

आमचा ग्रुप साधाच. सकाळी युनिव्हर्सिटीत, नाहीतर रंकाळ्याला पळणारी चौदा पंधरा टाळकी. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, एक तालमीतले वस्ताद, एक पीटीचे सर, बँकेतल्या एक मॅडम, दोन डॉक्टर, आणि एक पोरगं गावच्या दूध संस्थेत संकलनाला. त्यातल्या एकाचं रान पोहाळ्यात, त्यामुळं जागेचा प्रश्न मिटला. रूट आखायला मात्र तीन रविवार गेले. पाच जणांच्या पाच घड्याळात एकच वाट ६.५५ पासून ६.९ पर्यंत काहीही दाखवायची, शेवटी सिव्हिल इंजिनिअर मित्रानं मोजायचं चाक आणलं आणि अख्खी वाट ढकलत मोजली. रानातनं पाणंद, पाणंदीतनं उसाच्या कडेनं ओढा, ओढा ओलांडला की दीड किलोमीटरचा सलग चढ, वर माळ, मग झाडीतनं उतार आणि परत रान. थोडं कमी पडत होतं म्हणून माळावर एका बाभळीला वळसा घालायचा ठरवला, त्या बाभळीला रात्रभरात लई शिव्या खाव्या लागल्या. एका लूपला चढ साधारण १६० मीटर. म्हणजे दहा लूप मारले की १६०० मीटर, कळसूबाईची उंची १६४६, मी हिशोब करून ठेवला होता की अकराव्यात कळसूबाई ओलांडायची आणि बारावा करून ऐंशी किलोमीटरला थांबायचं. ज्यांच्या बांधावरनं जायचं त्यांना आधी भेटून आलो, ग्रामपंचायतीत सांगितलं. हे न करता रात्री हेडटॉर्च लावून दुसऱ्याच्या उसातनं पळालं तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

घंटा मी दिली. आमच्याकडं रिजेक्ट झालेला एक ब्रेक ड्रम पडला होता, तो परवानगीनं उचलला आणि चिंचेच्या फांदीला साखळीनं टांगला. हातोडी मारली की असा टोल बसायचा की ओढ्यापलीकडं ऐकू जायचं. टायमकीपर म्हणून आमची आठवीतली पोरगी, तिला सरांनी शिट्टी दिली आणि नियम समजावला, तीन मिनिटं राहिली की तीन शिट्ट्या, दोनला दोन, एकला एक, मग टोल. टोल पडताना जो चुन्याच्या चौकोनात उभा नाही तो बाद, मग तो कोणी पण असो. हे शेवटचं वाक्य तिनं फारच मनावर घेतलं.

पहिल्याच लूपला मी माती खाल्ली. सहा वाजता दिवस मावळालेला, हवा गार, चौदा जण एकदम सुटलेले, मी ४१ मिनिटात आलो. आलो आणि बसलो तर एकोणीस मिनिटं करायचं काय, अंगावरचा घाम गार पडायला लागला, पाय आखडले. वस्ताद ५३ मिनिटाला निवांत आले आणि म्हणाले, "मर्दा, तुझी एसटी सुटालीय काय?" चढाला ते पळतच नव्हते, हात मांडीवर ठेवून चालायचे, माळावर हलकं पळायचे आणि उताराला सुटायचे. दुसऱ्या लूपपासून मी त्यांच्या मागं लागलो. लवकर येऊन काही मिळत नाही ही गोष्ट डोक्याला कळते पण पायाला कळायला वेळ लागतो, आयुष्यभर टायमिंग कमी करायलाच पळालेलो असतो आपण. ५० ते ५२ मिनिटं धरली की साधारण आठ मिनिटं हातात, त्यात पाणी, खाणं, लघवी, टॉर्चचे सेल, सगळं बसतं. बसतं म्हणजे बसवावं लागतं.

या प्रकारातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एरवी मॅरेथॉनला डॉक्टर पुढं निघून जातात, बँकेतल्या मॅडम मागं असतात, बोलणं होतं ते नाष्ट्याला. इथं दर तासाला सगळे एकाच चौकोनात, खांद्याला खांदा लावून उभे. सहा वर्षं एकत्र पळतोय पण मॅडमच्या सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत हे मला चौथ्या लूपच्या चढाला कळलं, आणि त्या रात्री घरी कुणाला बसवून आल्या हे पण.

खाण्याचं सांगतो कारण त्यावरनं पण लई जण विचारतात. विकतची एनर्जी जेल दोनच आणली होती, बाकी काकवी. प्लॅस्टिकच्या छोट्या बाटलीत काकवी, त्यात लिंबू आणि चिमूटभर मीठ, चढ सुरू व्हायच्या आधी एक घोट. उकडलेला बटाटा मीठ लावून, गूळ शेंगदाणे, केळी. दहाच्या सुमाराला आमच्या मंडळींनी थर्मासमधनं पांढरा रस्सा काढला, खास बिनमसाल्याचा, नुसतं आळणी पाणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, नारळाचं दूध आणि मीठ, वाटी तोंडाला लावली आणि खरं सांगतो डोळ्यात पाणी आलं. पण तोच रस्सा वर भातासकट खाऊन एक डॉक्टर पाचव्या लूपला माळावर आडवे झाले आणि सहाव्यात उलटी करून थांबले. डॉक्टरच, म्हणजे कुणाला विचारायची पण सोय नाही. भडंग कुणी नेऊ नका, तेल आणि तिखट चढाला घशाशी येतं.

सातव्या लूपला रात्री साडेबाराच्या पुढं ओढ्यात उतरताना टॉर्चच्या उजेडात दोन डोळे चमकले, मोठे, जमिनीपासून चांगले वर. २०२१ च्या डिसेंबरात गवा कोल्हापूर शहरात शिरला होता, तो सगळा गोंधळ अजून डोक्यात आहे, त्यामुळं माझ्या तोंडातनं आवाजच फुटेना. मागनं दुधवालं पोरगं आलं, त्यानं टॉर्च मारली आणि म्हणालं, "दादा, म्हैस हाय. मुऱ्हा. दावं तोडून आलीय." आणि चालत जाऊन तिच्या पाठीवर थाप मारली, तिला कडेला केली आणि माझ्या पुढनं पळत निघून गेला. त्या लूपला माझी पाच मिनिटं गेली, तीन म्हशीत आणि दोन हसण्यात.

पाणंदीच्या कडेला ऊसतोड चालू होती, बीडकडची टोळी. रात्रीची ट्रॉली भरायचं काम, फळीवरनं बाया डोक्यावर मोळी घेऊन वर चढायच्या, खाली उतरायच्या, परत मोळी. आम्ही दर तासाला त्यांच्या पुढनं जात होतो. नवव्या लूपला, अडीच वाजले असतील, एक बाई मोळी टाकून उभी राहिली आणि विचारलं, "ओ दादा, काय हरवलंय का तुमचं? सांजच्यानं बघायलेय, बॅटऱ्या घेऊन हिंडायलात." मी म्हणालो काही नाही मावशी, असंच पळतोय. ती काही बोलली नाही, परत फळीकडं गेली. मला उगाचच लाज वाटली, आणि ती लाज बाभळीपर्यंत पुरली, तिथनं पुढं पाय दुखायला लागल्यावर विसरलो.

आता दहाव्याचं. डिसेंबरात माळावरचं गवत वाळून कुसळं धरतं, आणि रात्री दव पडलं की ओल्या मोज्यात ती अशी घुसतात की दर पावलाला सुई टोचल्यागत होतं. आठवा लूप तसाच रेटला. नववा संपवून ५१ मिनिटाला आलो, म्हणजे नऊ मिनिटं होती, म्हटलं आता काढूनच टाकू. आत्तापर्यंत मी खुर्चीत बसलो नव्हतो, उभ्याउभ्याच खायचो, वस्तादांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की बसायचं असेल तर दगडावर बस. पण कुसळं काढायला म्हणून ती प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, त्यावर कुणाची तरी शाल होती, ती मांडीवर घेतली, उजवा बूट काढला, मोजा उलटा केला आणि एक एक कुसळ काढत बसलो. पाच सहा काढलेली आठवतात.

त्यानंतर मला शिट्ट्या ऐकू आल्या, पण त्या फौंड्रीतल्या भोंग्यासारख्या, म्हणजे शिफ्ट सुटल्यावर वाजतात तशा, त्यामुळं छानच वाटलं. मग पोरीचा आवाज, "पप्पा, दोन! पप्पा उठा, दोन मिनिटं!" उठलो तर डावा पाय बुटात, उजवा अनवाणी, मोजा हातात. मोजा घालायला गेलो तर वाकता येईना, मांड्या लाकडासारख्या. मोजा सोडून बूट घालायला गेलो तर तो नववा लूप संपल्यावर मीच लेसची घट्ट गाठ न सोडता ओढून काढलेला, पाय आत जाईना. एक शिट्टी. बायको म्हणाली अहो तसंच जा, तिथं घाला. पंधरा पावलं. तीन चार टाकली असतील, पायाखाली खडा आला आणि मी खाली बसलो. पोरगी ड्रमजवळ हातोडी घेऊन उभी, एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं, आणि टोल दिला. चौकोनातनं पाच जण सुटले.

राग आला काय, तर आला, दोन मिनिटं. पण तिनं थांबवली असती हातोडी तर चौकोनातल्या पाच जणांना काय तोंड दाखवलं असतं. ६०.३५ किलोमीटर आणि १४४० मीटर चढ. कळसूबाईच्या दोनशे सहा मीटर खालीच मुक्काम पडला.

पुढची गंमत मी शाल पांघरून बघितली. मॅडम दहावा करून थांबल्या, सासूबाईंची औषधाची वेळ सकाळची, म्हणून गाडी काढून गेल्या सुद्धा. अकराव्याला आणखी दोघं गळाले. बारावा संपला तेव्हा सहा वाजायला पाच मिनिटं कमी, उजाडायला अजून वेळ होता आणि उरले वस्ताद आणि दुधवालं पोरगं. दोघंही ताजे, आणखी सहा तास जातील असं वाटत होतं. पोरगं आलं, कपाळावरची टॉर्च काढली, बाटलीभर पाणी प्यालं आणि गाडीची किल्ली खिशातनं काढली.

"कुठं रे?" वस्ताद.

"डेरीवर. दूध यायची वेळ झाली, काटा माझ्याकडं असतोय."

"अरे मग माझं काय?"

"तुम्ही एक मारा की वस्ताद. एक मारलं की तुम्ही जिंकला."

वस्ताद बघतच राहिले. नियम तसाच आहे, दुसरा थांबला तरी एक जादा लूप पूर्ण केल्याशिवाय जिंकला म्हणत नाहीत, मग कोणीच जिंकत नाही. पोरीनं तीन शिट्ट्या दिल्या, दोन दिल्या, एक दिली, चुन्याच्या चौकोनात पंचावन्न वर्षांचा एकटा माणूस हात मागं बांधून उभा, आणि टोल पडला तेव्हा दुधवाल्याची स्प्लेंडर पाणंदीतनं डेरीकडं आणि वस्ताद त्याच पाणंदीतनं ओढ्याकडं. आले ५४ मिनिटाला. जाताना सगळे झोपेत होते, येताना सगळे उभे होते, गुलाल नव्हता म्हणून चुनाच उधळला आणि कुणीतरी चांगभलं म्हणून ओरडलं. मग मिसळ खायला शहरात गेलो, जिन्याची तीन पायऱ्यांची चढण मी बाजूचा गज धरून आडवा चढलो.

घरी आल्यावर पोरीची वही बघितली. तिनं स्वतःच्या मनानं एक जादाचा रकाना आखला होता, का थांबले म्हणून. डॉक्टरांपुढं उलटी, मॅडमपुढं आजी, एकापुढं गुडघा, एकापुढं नुसतं कंटाळा. दुधवाल्यापुढं दूध. माझ्यापुढं आधी कुसळ लिहून ते खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, खुर्ची.