सात शिरांचा भेंडा

रविवार, रात्रीचे साडेअकरा

वैनीचा वाढदिवस म्हणून दादा आम्हाला म्हापशाजवळच्या आसगावला एका फार्म टू टेबल रेस्टॉरंटात घेऊन गेला. आई आली नाही, म्हणाली पाऊस बघ केवढा, तुम्हीच जा. जुनं पोर्तुगीज घर, बल्काव म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, पिवळे दिवे, हाताने लिहिलेला मेनू. मी जन्माची शिवराक, म्हणजे शाकाहारी, बाहेर खायला गेलं की माझ्या वाट्याला पनीर नाहीतर मशरूम झाकुती, त्यामुळे इथे तरी भाजीला मान असेल असं वाटलेलं.

मान होता हो! वाढणारा पोरगा भेंड्याबद्दल दोन मिनिटं बोलला, गावठी, सात शिरांचा, जीआय म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून सरकारी मानांकन मिळालंय वगैरे. प्लेटमध्ये पातळ चकत्या, चांदण्यांसारख्या, मी काट्याने टोकं मोजली, खरंच सात. साध्या भेंडीला पाचच असतात ना. हाच भेंडा, वीतभर लांब, फिकट हिरवा, आई दर पावसाळ्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणते, फुटपाथवर वाटे लावून बसलेल्या बायांकडून, आणि इतकी वर्षं खाऊन मी कधी शिरा मोजल्या नव्हत्या, आज साडेपाचशे रुपये लागले म्हणून मोजल्या.

मग तांबडी भाजी आली. वर करड्या रंगाचं काहीतरी कुरकुरीत भुरभुरवलेलं, चमचा तोंडापर्यंत नेला आणि वास आला. हे काय विचारलं तर पोरगा म्हणतो, "व्हेजच आहे मॅडम, वरून फक्त थोडं गालमो."

फक्त! सुकी सुंगटं ती, कोळंबी. दादा एवढा हसला की बाजूच्या टेबलावरचे बघायला लागले, मला मात्र अजिबात हसू आलं नाही, श्रावण चालू आहे म्हणून नाही, मेनूत हिरवा ठिपका होता म्हणून. सॉरी म्हणाले, बदलून दिली, बिलात नाही धरली. तेवढं बरं केलं.

शेवटी 'मान्सून स्टू' म्हणजे आपलं मिश्र भाज्यांचं खतखतं, कोर्गुट भाताबरोबर. भात मस्त, लाल, दाणा जाडा, खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतातला. खतखत्यात सुरण, अळूचे कांदे, मक्याची कणसं सगळं होतं, पण काहीतरी हुकलेलं, काय ते कळेना.

घरी आल्यावर आईने पहिलं तेच विचारलं, "तेफळां घातली होती?" तेफळां म्हणजे तिरफळं, वासाचा मसाला.

"असतील, पण गाळून काढलेली बहुतेक. ताटात एकपण आलं नाही."

"मग वास कुठून येणार गो? बस, कढी-भात वाढते."

बसले.