सांबाराची जुडी

परवा दुपारी पुण्यात भाजीवाल्या मावशींना म्हणाले, "एक जुडी सांबार द्या." मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि समोरच्या उडप्याच्या हॉटेलाकडे बोट दाखवलं.

एरवी माझ्या तोंडून कोथिंबीरच निघते. तीस वर्षांची सवय. पण सकाळी अकोल्याच्या काकूशी फोनवर तासभर बोलणं झालं होतं. असं झालं की जीभ संध्याकाळपर्यंत वऱ्हाडातच रेंगाळते.

तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बटाट्याला आलू. 'बटाटा' पोर्तुगीजांबरोबर किनाऱ्याला लागला, तो कोकणात आणि घाटावर रुजला. आमच्यापर्यंत कशाला येतोय? आमच्या शेजाराला हिंदी. 1956 पर्यंत तर नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं.

आमच्या एका घरातच दोन मराठ्या होत्या म्हणा. आजी ओसरीवर सालदाराशी बोलायची तेव्हा केळी 'केयी' व्हायची, डोळे 'डोये', आणि 'काहून'शिवाय प्रश्न नसायचा. तीच आजी बैठकीत मास्तर आले की पदर सावरून "केळी घ्या ना" म्हणायची. तो 'ळ' असा ठसठशीत, की मी दाराआड उभी राहून मोजायचे. एकदा मास्तर चहा पीत असताना वासरू सुटलं आणि थेट तुळशीकडे निघालं. आजी ओरडली, "अवो, पया! पया!" मास्तरांनी कप ठेवला, धोतर आवरलं आणि तेही "पया, पया" करत अंगणात. शाळेत याच मास्तरांनी 'फया' म्हटलं म्हणून माझ्या हातावर छडी मारली होती.

होस्टेलवर माझी खोलीतली मैत्रीण कोल्हापूरची. पहिल्या दिवशी ती "मी जाऊन येतो गं" म्हणाली, तेव्हा मी दचकून दारात कोण पुरुष आहे ते पाहिलं होतं. महिनाभरात मीही 'येतो' म्हणायला लागले. माझं असंच आहे, ज्याच्याशी बोलावं त्याचा रंग लागतो. मुलगी याला लबाडी म्हणते. म्हणू दे.

तर त्या सकाळच्या फोनचं. मी माझ्या मते अगदी अस्सल वऱ्हाडीत सुरू होते. मध्येच काकू थांबली आणि म्हणाली, "पोरी, तू तं आता पुन्यासारखीच बोलून रायली."

मी "हो ना" म्हणाले.

'हाव' म्हणायला हवं होतं.