‘नीट’ची वही: ३:२४ वरून २:५८

तर मंडळी, ‘नीट’ अजून चालूच आहे. नवीन आलेल्यांसाठी: नीट बस, नीट बोल, टॉप नीट कर, मुलगी दिवसभर जे ऐकते त्या एका शब्दावर माझा पीस आहे, म्हणजे स्लॅमला (स्टेजवर कविता म्हणायची स्पर्धा) म्हणायची कविता.

मागच्या आठवड्यात पहिल्यांदा टायमर लावून म्हटलं, ३:२४. स्लॅमचा नेहमीचा नियम तीन मिनिटं, वर दहा सेकंद माफ, पुढे प्रत्येक दहा सेकंदांना अर्धा पॉइंट कट, म्हणजे माझा अख्खा एक पॉइंट गेला. पाच जजेसपैकी सगळ्यात वरचा नि सगळ्यात खालचा स्कोअर काढून मधले तीन धरतात, तिथे लोक ०.१ ने बाहेर पडतात, त्यात एक पॉइंट म्हणजे घरीच बसा. (जज म्हणजे प्रेक्षकांतून उचललेलं कोणीही. मार्क स्मिथ या कवीने १९८६ मध्ये शिकागोच्या ग्रीन मिल या बारमध्ये हे असंच सुरू केलं, मला ते आवडतं आणि हरले की वैतागही येतो.)

मग कात्री. ‘पितृसत्ता’ चार वेळा होता, चारही उडवले. रेकॉर्डिंगमध्ये तो शब्द आला की माझा आवाज भाषणाचा होतो, हनुवटी वर गेलेली चक्क ऐकू येते. त्याजागी हे:

फोटोग्राफर म्हणाला, नीट हस.
मी हसले.
एवढं नाही, म्हणाला.

ओपन माईकला (कुणीही येऊन म्हणावं असा कार्यक्रम, स्पर्धा नाही) इथे दोघीजणी खुदकन हसल्या आणि एकदम गप्प झाल्या, आणि मी घाबरून पुढची ओळ रेटली. काय गरज होती! आता वहीत तिथे पेन्सिलने दोन दांड्या मारल्यात, म्हणजे पूर्ण श्वास घ्यायचा, मगच पुढे.

दुसरा घोळ मोठा. ‘नीट’ अकरा वेळा येतं आणि अकराही वेळा मी एकाच सुरात चिडलेली. एकीने नंतर विचारलं, हे सगळं एकच माणूस बोलतंय का गं? बरोबर पकडलं तिने. आता प्रत्येक ‘नीट’ला माणूस ठरवलाय, सर, डॉक्टर, मावशी, मैत्रीण (हो, मैत्रीणही, तिचंच जास्त लागतं). ‘ट’ आपटला की दम होतो, ‘नी’ लांबवली की काळजी.

ठेक्यावरून एक. सोजर्नर ट्रुथचं (गुलामगिरीतून सुटलेली कृष्णवर्णीय कार्यकर्ती) १८५१ चं अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमधलं भाषण, ज्यातलं ‘मी बाई नाही का?’ आपण सगळ्या ऐकून आहोत, त्या वर्षी वर्तमानपत्रात छापलेल्या वृत्तांतात ते वाक्य नाहीच, १८६३ मध्ये त्या सभेच्या अध्यक्ष फ्रान्सिस गेजने छापलं त्यात ते परत परत येतं. हे वाचलं आणि मी माझे अकरा ‘नीट’ घेऊन बसले, प्रत्येकाला विचारलं, हा मला हवाय की टाळ्यांना? तीन निव्वळ टाळ्यांचे निघाले. राहिले आठ, वेळ २:५८.

अडलंय आठव्यावर. आई फोन ठेवताना म्हणते, नीट जा. हा चिडून म्हटला तर खोटा वाटतो, मऊ म्हटला तर आधीच्या सातांवर पाणी. माईकपासून मागे सरकून म्हणून बघितलं, नाटकी झालं. गुरुवारी परत रेकॉर्ड करतेय, ‘ट’ म्हणायचाच नाही, ‘नी’वरच सोडून द्यायचं असं डोक्यात आहे. कुणी असं केलं असेल तर सांगा, ऐकू येतं का मागच्या रांगेपर्यंत?