पुरात बसलेली येझदी

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेनं कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं, तेव्हा मी घरी नव्हतो. वीज मंडळातली नोकरी. सबस्टेशनं पाण्यात, फीडर बंद, आणि पाणी उतरेल तसतशी एकेक लाइन तपासून चालू करायची. शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला आमचं घर आहे. तिथं परतलो ते दहाव्या दिवशी. घरच्यांनी धान्य, गाद्या, कागदपत्रं माडीवर नेली होती. जिन्याखालची येझदी मोटारसायकल कोण उचलणार? टाकीवर बोटभर गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

ही गाडी १९७६ चं मॉडेल. १९८७ साली, नोकरीला लागल्यावर, मी ती सेकंडहँड घेतली. राधानगरी, गगनबावड्याकडच्या लाइनींवर पावसाळ्यात हिच्यावरूनच फिरलो. पुढं मोटार आली, मुलांची शिक्षणं आली आणि येझदी जिन्याखाली गेली. पुरानंतर मी तिच्यावर पाइपनं पाणी मारलं, गोणपाट टाकलं आणि परत कामावर गेलो. ते गोणपाट पुढची तीन वर्षं नजरेला टोचत राहिलं. २०२१ च्या पुरात तिला चार जणांनी उचलून ओट्यावर ठेवली, पण व्हायचं ते नुकसान आधीच झालं होतं.

२०२२ ला निवृत्त झालो आणि दुसऱ्याच आठवड्यात गोणपाट काढलं.

कुणाची गाडी पाण्यातून निघाली असेल तर आधी हे ऐका: किक मारू नका. माझाही पाय किकवर गेला होता. सिलिंडरमध्ये गाळ आणि गंज असताना जोर लावला, तर पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडे पडतात. मी स्पार्क प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि गिअर ऑइल निम्मं निम्मं ओतलं आणि गप्प बसलो. रोज सकाळी थोडं थोडं वाढवत गेलो. तेराव्या दिवशी हेड काढलं, पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि लाकडी हातोडीनं हलक्या हातानं ठोकलं. पिस्टन सुताएवढा सरकला. मी बायकोला हाक मारून बोलावलं आणि दाखवलं. तिला त्यातलं काय दिसलं असेल कोण जाणे, पण चहा मात्र लगेच झाला.

मग खोलाखोल. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो, वहीत नोंद, आणि नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, वर चिठ्ठी चिकटवून. नोकरीत आकृती काढल्याशिवाय पॅनलला हात लावायचा नाही ही सवय होती, ती इथं कामी आली. आठ महिन्यांनी क्लच बसवताना कुठला वॉशर आधी आणि कुठला नंतर, हे त्या वहीनंच सांगितलं.

केसिंग उघडलं आणि आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं. येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, खोलीला वेगळं तेल नसतं. पेट्रोलात मिसळलेलं ऑइलच बेअरिंगला मिळतं. त्यामुळं एकदा पाणी शिरलं की राखायला तिथं काहीच नसतं. बिग-एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) क्रँकला जोडतो तिथलं, बेअरिंग हातात खरखरत होतं. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ ला बंद पडला, हे ठाऊक होतं. कनेक्टिंग रॉडचं किट मात्र बाजारात मिळालं. पण किट मिळणं वेगळं आणि ते बसवणारा हात मिळणं वेगळं.

तो हात उद्यमनगरात मिळाला. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथ, शेपर, ग्राइंडर आणि फौंड्रीची वस्ती. शेतीच्या ऑइल इंजिनांपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत काय काय या गल्ल्यांनी घडवलंय. मी ज्यांच्याकडं गेलो त्यांना सगळे मामा म्हणतात. सत्तरी ओलांडलेली. त्यांनी क्रँक हातात घेतला, कानाजवळ नेऊन फिरवला आणि म्हणाले, “साहेब, ह्याला घाई करायची न्हाई. पंधरा दिस ठेवा माझ्याकडं.”

पंधराचे बावीस झाले, पण क्रँक प्रेसवर बसवताना मी शेजारी उभा राहून सगळं पाहिलं. हा क्रँक तीन तुकड्यांचा असतो: दोन चाकं आणि मध्ये पिन. पिन दाबून बसवली की दोन्ही चाकं एका रेषेत येतातच असं नाही. मामांनी व्ही-ब्लॉकवर क्रँक ठेवला, डायल (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापयंत्र) लावला आणि काटा पाहत तांब्याच्या हातोडीनं एकेक टोला मारत गेले. टोला, फिरव, बघ. टोला, फिरव, बघ. शेवटी काटा दोन शतांशांत आला, म्हणजे ०.०२ मिलिमीटर. मी ‘झालं की’ म्हटलं, तर त्यांनी अजून एक टोला मारला. या एका तासासाठी मी पुन्हा निवृत्त व्हायला तयार आहे.

बोअरिंगही तिथंच केलं. मूळ बोअर ६५ मिलिमीटर. पाव मिलिमीटर वाढवून गंजाचे खड्डे गेले नाहीत, म्हणून अर्ध्या मिलिमीटरवर गेलो आणि पिस्टन त्या ओव्हरसाइजचा घेतला. बोअर मारल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, कडा धारदार राहतात, त्यात रिंग अडकून तुटते. मामांनी त्या कडा बारीक दगडानं मोडून दिल्या. तुम्ही कुठंही काम करून घेतलंत तरी ह्या कडा बोटानं तपासून मगच सिलिंडर घरी आणा.

गंज काढण्यासाठी मात्र मी आपल्या उसाच्या मुलखातलाच उपाय केला. जनावरांच्या खाद्यात घालतात ती साखर कारखान्याची मळी एक भाग, पाणी नऊ भाग. मोठ्या पिंपात फूटरेस्ट, स्टँड, ब्रेकचे दांडे, स्प्रिंगा सगळं बुडवून ठेवलं. वास येतो, फेस येतो, शेजारी विचारतात. पंधरा दिवसांनी लोखंड धुवून काढलं तर करडं, स्वच्छ, आणि आटे शाबूत. अ‍ॅसिडसारखं ते चांगल्या लोखंडाला खात नाही. फक्त अ‍ॅल्युमिनियमचा भाग त्यात चुकूनही टाकू नका, तो खराब होतो.

गाडीची वीज तयार करणाऱ्या डायनमोचं काम माझ्या ओळखीचं होतं, म्हणून ते सावकाश, चवीनं केलं. या गाडीची वीज ६ व्होल्टची. आर्मेचर (फिरणारा भाग) आणि फील्ड कॉइल (भोवतीच्या स्थिर गुंडाळ्या) केरोसीननं धुतल्या, दोन दिवस उन्हात ठेवल्या, मग पत्र्याच्या पेटीत ६० वॉटच्या बल्बशेजारी वाळवल्या आणि इन्सुलेशन मोजलं. पहिल्यांदा आकडा वाईट आला. आठवडाभर वाळवून, वॉर्निश देऊन पुन्हा मोजलं, तेव्हा बरा आला. कार्बन ब्रश ज्यावर टेकतात तो कम्युटेटर बारीक पॉलिशपेपरनं घासला, पट्ट्यांमधला अभ्रक हॅकसॉच्या ब्लेडच्या तुकड्यानं खाली घेतला, कार्बन ब्रश नवे घातले. तरीही चार्जिंग शून्य. असा डायनमो बरीच वर्षं पडून राहिला की फील्डच्या लोखंडातलं उरलेलं चुंबकत्व जाऊ शकतं, आणि ते नसेल तर वीज तयार व्हायला सुरुवातच होत नाही. बॅटरीची तार फील्डला क्षणभर टेकवायची, योग्य बाजूनंच. टेकवली, एक ठिणगी उडाली, आणि पुढच्या वेळी इंजिन फिरलं तेव्हा चार्जिंगचा दिवा विझला.

इंजिन पहिल्यांदा चालू झालं ते २०२३ च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आणि गल्ली धुरानं भरली. नवं ऑइल जळतंय, जाईल, असं मी स्वतःला दोन दिवस सांगितलं. धूर गेला नाही. वर आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, इंजिन आपोआप पळायचं. चौथ्या दिवशी गिअर ऑइलची पातळी पाहिली तर ती चांगलीच खाली गेली होती, आणि बाहेर गळती तर कुठंच नाही.

कारण क्रँकची ऑइल सील, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या रबरी कड्या. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची खोली हवाबंद असावी लागते, कारण पिस्टन वर जाताना तीच पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढून घेते. क्लचच्या बाजूचं सील गेलं की ती आतलं गिअर ऑइल ओढून जाळते. डायनमोच्या बाजूचं गेलं की बाहेरची हवा ओढते, मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), इंजिन पळतं आणि तापतं. माझी दोन्ही गेली होती. सील नवीन म्हणूनच आणली होती, पण दुकानदाराकडं वर्षानुवर्षं पडलेला तो माल होता. पाकीट चकचकीत, आणि रबर कडक. मी नखानं दाबून बघायला हवं होतं. इंजिन पुन्हा पूर्ण उतरवलं, पुन्हा उघडलं. दिवाळी त्यातच गेली. ही दोन सील किती रुपयांची असतात ते सांगायलाही नको, पण आता रबराची कुठलीही वस्तू मी वाकवून पाहिल्याशिवाय घेत नाही.

टाकी, मडगार्ड यांचा रंग शेवटी केला. आधी रंग आणि मग इंजिन असं करणारे बरेच दिसतात, मला ते पटत नाही. इंजिन दोनदा उतरवताना पान्याचे किती ठोके फ्रेमला बसले ते मी पाहिलंय. रंगाऱ्याकडं फ्रेम देताना चासी नंबरावर चिकटपट्टी लावून द्या. माझ्या फ्रेमवरच्या नंबरावर पुट्टी भरली गेली होती, ती खरवडताना जीव मुठीत होता. कारण आरटीओत त्याच नंबरावरून पेन्सिल घासून कागदावर ठसा द्यायचा असतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि माझी कधीची संपलेली. विमा, पीयूसी, पर्यावरण कर, गाडी समोर नेऊन दाखवणं, असं सगळं रांगेनं झालं. तीन फेऱ्या लागल्या. तपासणाऱ्या साहेबांनी किकचाच दांडा पुढं वळवून गिअर टाकायला सांगितलं आणि स्वतः वाकून पाहिलं. किक आणि गिअर एकाच दांड्यावर असलेली गाडी त्यांनी लहानपणी काकांकडं पाहिली होती.

आता रनिंग, म्हणजे नव्यानं बांधलेलं इंजिन हळूहळू रुळवणं, चालू आहे. लिटरला ४० मिलि टू-टी ऑइल, ताशी ४० च्या वर नाही. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी धरतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून पेट्रोलचे पाइप, वॉशर नवे घातले आणि गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करतो. सकाळी सहाला रंकाळ्याला एक फेरी, मग फुलेवाडीपर्यंत, आणि येताना गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध. पन्हाळ्याचा चढ अजून नाही, ५०० किलोमीटर झाल्यावर.

परवा ३१० वर प्लग काढून पाहिला. मामांकडं नेला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तो उजेडात धरला. टोक भाजलेल्या शेंगेच्या टरफलासारखं तपकिरी होतं, कुठं काळं नाही, कुठं पांढरं नाही. त्यांनी प्लग माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “लावा जावा. आन् डाव्या सायलेन्सरची जाळी एकदा काढून साफ करा, आवाज जरा दबकाय.”

आज दुपारी तेच काम काढलंय.