ड्युटी सुटण्याची वेळ

22 ऑक्टोबर 2024, मंगळवार

काल पोलीस स्मृतिदिन झाला. 21 ऑक्टोबर 1959 रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्स येथे चिनी सैनिकांच्या हल्ल्यात 10 पोलीस जवान हुतात्मा झाले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी नायगावच्या हुतात्मा मैदानावर संचलन होते आणि वर्षभरात कर्तव्य बजावताना देशभरात बळी पडलेल्या पोलिसांची नावे वाचून दाखवली जातात. ती नावे ऐकताना मला नेहमी त्या यादीत नसलेले, आणि नियमानुसार असूही न शकणारे, सहकारी आठवतात: रात्रपाळी संपवून घरी परतताना लोकलमध्येच हृदयविकाराने गेलेले, दारूने हळूहळू पोखरले गेलेले आणि ज्यांनी स्वतःचे आयुष्य स्वतःच संपवले असे. हुतात्म्यांची यादी वेगळीच असावी, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण बाकीच्यांची नोंद होते ती फार तर अकस्मात मृत्यूच्या कागदांत, आणि तेथे कारणाच्या जागी ‘कौटुंबिक कारणावरून’ किंवा ‘आजारपणास कंटाळून’ असे दोन-तीन शब्द असतात. हे शब्द मी कामाचा भाग म्हणून स्वतः लिहिले आहेत. त्यांच्यामागे किती गोष्टी दडून राहतात, हे मला माहीत आहे.

मी मुंबईत हवालदार आहे आणि बदलापूरला राहते. या रोजनिशीत नाव आणि पोलीस ठाणे लिहीत नाही, त्याचे कारण खात्यातल्या वाचकांना सांगावे लागणार नाही.

मृतदेह आणि रक्त पाहून पोलिसांवर ताण येत असेल, अशी बाहेरच्या लोकांची समजूत असते, आणि ती अगदीच चुकीची नाही. लहान मुलीवरील अत्याचाराच्या गुन्ह्यात जबाब नोंदवताना महिला अधिकारी साध्या वेशात बसते आणि तिच्या मदतीला पुष्कळदा मी असते. मुलगी बोलता बोलता थांबते, तेव्हा तिला घाई न करता नुसते बसून राहणे हेच त्या वेळचे काम असते. त्या दिवशी घरी आल्यावर मी माझ्या मुलीला जरा जास्तच जवळ घेते आणि ती वैतागते. हा भार खरा आहे. तरीही त्या कामाला काही अर्थ आहे, हे मनाला कळत असते, आणि अर्थ कळला की माणूस बरेच सोसू शकतो. मला सोसवत नाही ती दुसरीच गोष्ट, आणि ती इतकी साधी आहे की सांगायलाही संकोच वाटतो: मी घरी किती वाजता पोहोचेन, हे मला घरून निघताना सांगता येत नाही.

याच वर्षाचे पाहावे. 20 मे रोजी मुंबईत लोकसभेचे मतदान झाले. सप्टेंबरात गणपती आले. 17 तारखेला अनंत चतुर्दशीला कामावर उभे राहिलेले आम्ही दुसऱ्या दिवशी मिरवणुका संपल्यावर सुटलो. मग नवरात्र, मग दसरा, आणि दसऱ्यानंतर तीनच दिवसांनी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. मतदान 20 नोव्हेंबरला आहे, म्हणजे दिवाळीही त्यातच आली, आणि लगोलग 6 डिसेंबरचा चैत्यभूमीचा बंदोबस्त. बंदोबस्ताला आमची हरकत नसते. तो आमचा धर्मच आहे. पण सकाळच्या हजेरीला गेल्यावर साप्ताहिक सुट्टी रद्द झाल्याचे कळते, तेव्हा ती सुट्टी जाते एवढेच होत नाही, तर तिच्या भरवशावर दिलेला प्रत्येक शब्द खोटा पडतो. शाळेतल्या बाईंना, सासूबाईंच्या डॉक्टरांना, भावाला दिलेले शब्द असे वर्षानुवर्षे खोटे पडत गेले की घरचे लोक आपल्याला गृहीतच धरेनासे होतात. ते रागावत नाहीत, आपल्याला वगळूनच सगळे ठरवू लागतात. माझ्या मते पोलिसाचे एकटेपण येथे सुरू होते. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही: बंदोबस्ताच्या जागी शौचालयाची सोय नसेल, तर आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही. संध्याकाळी डोके ठणकू लागते आणि चिडचिड होते. त्या चिडचिडीचे कारण कोणत्याही समुपदेशकाला बालपणात शोधावे लागणार नाही.

हे बदलू शकते, हे मी अनुभवले आहे, म्हणून लिहिते. 2016 मध्ये पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी देवनार पोलीस ठाण्यात अंमलदारांसाठी, म्हणजे आमच्यासारख्या शिपाई-हवालदारांसाठी, आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू केला. त्याचा आराखडा तेथल्याच एका शिपायाने मांडला होता आणि आयुक्तांनी तो ऐकून घेतला, हे मला त्या प्रयोगाइतकेच महत्त्वाचे वाटते. पुढे मुंबईतल्या इतर पोलीस ठाण्यांतही तो आला. मनुष्यबळ पुरणार नाही, असे तेव्हा सगळे म्हणत होते, आणि ओढाताण झालीच. पण त्या काळात मी मुलीला ‘साडेचारला येते’ असे सांगत असे आणि बहुतेक दिवशी येतही असे. झोप सुधारली, पित्ताचा त्रास कमी झाला. मुख्य म्हणजे तक्रार घेऊन आलेल्या माणसावर खेकसणे कमी झाले. ते माझ्यापेक्षा समोरच्या बाकावर बसणाऱ्यांच्या जास्त लक्षात आले असेल. त्यानंतर करोना आला आणि वेळापत्रकाची घडी मोडली. रिक्त पदे आणि वाढते बंदोबस्त यांच्यामुळे ती माझ्या वाट्याला तरी पुन्हा नीट बसली नाही.

कायद्याकडे पाहिले तर मुळात आम्हाला सुटण्याची वेळ नाहीच. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 28 नुसार पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. संकटकाळी हे योग्यच आहे, पण रोजच्या हजेरीचे नियोजनही या कलमाच्या आधाराने होऊ लागले की नियोजन करण्याची गरजच कोणाला उरत नाही. रजेचेही तसेच आहे. 2022 मध्ये आमच्या किरकोळ रजा 12 वरून 20 झाल्या आणि सर्वांना आनंद झाला, मात्र रजा खात्यात असणे आणि ती मंजूर होणे यांच्यामधले अंतर शासन निर्णयाने कमी होत नाही. बरे, सगळ्यांनी मिळून काही म्हणावे, तर 1966 च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या संघटनांवर निर्बंध आहेत. माझे वडीलही याच खात्यात होते. ऑगस्ट 1982 मध्ये मुंबईतल्या शिपायांनी केलेले आंदोलन, त्यानंतर शहरात झालेला हिंसाचार आणि संघटनेचा झालेला शेवट यांविषयी ते घरातसुद्धा आवाज खाली आणूनच बोलत. शिस्तीच्या दलात संप नसावा, हे मला पटते. पण संप नको म्हणताना गाऱ्हाणे सांगण्याची वाटही बुजवली गेली.

ती वाट म्हणून अलीकडे तणावमुक्तीची शिबिरे होतात. मध्यंतरी झालेल्या एका शिबिराला आम्हाला रात्रपाळीनंतर थेट सभागृहात नेण्यात आले. खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून हजेरी घेतली गेली, पुढच्या रांगेत वरिष्ठ बसले, आणि वक्त्यांनी अत्यंत प्रेमळपणे विचारले की ज्यांना ताण जाणवतो त्यांनी हात वर करावा. एकही हात वर झाला नाही. मागच्या रांगेत निम्मे लोक झोपले होते, आणि तेवढ्यापुरते शिबिर यशस्वी झाले असे म्हणायला हवे.

हात का वर होत नाही, हे समजायला मानसशास्त्र लागत नाही. पाय मोडला तर माणूस सिकवर जातो आणि लोक भेटायला येतात. झोप लागत नाही, छाती धडधडते, असे सांगितले की ‘ड्युटी टाळतो’ हा शेरा आधी मिळतो. त्यानंतर हत्यार काढून घेतले जाईल, हलक्या कामावर बसवले जाईल, वसाहतीत चर्चा होईल, मुलीच्या स्थळाच्या वेळी कोणीतरी ते उकरून काढेल, ही सगळी साखळी त्या एका क्षणात डोळ्यांसमोर येते. हत्यार काही काळ काढून घेणे कधी कधी आवश्यकच असते, पण ते शिक्षेसारखे न होता उपचाराचा भाग म्हणून व्हावे, एवढे कौशल्य वरिष्ठांना शिकवता येण्यासारखे आहे. म्हणूनच मी सहकाऱ्यांना 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोन-सेवेचा, क्रमांक देते. तो ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, त्याला पैसे पडत नाहीत, आणि आमच्या लोकांच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तेथे फोन करायला साहेबांची परवानगी लागत नाही.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 नुसार जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता, असे गृहीत धरावे लागते. तसे नव्हते हे सिद्ध होईपर्यंत त्याला शिक्षा करता येत नाही. रुग्णालयात अशा माणसाचा जबाब घ्यायला आम्हीच जातो आणि नातेवाइकांना हे कलम आम्हीच समजावून सांगतो. हीच समजूत आमच्यापैकी कोणी हजेरीला गप्प गप्प उभा राहू लागला, तर त्याच्या बाबतीतही दाखवली जावी, असे मला वाटते, आणि तेही प्रकरण रुग्णालयापर्यंत जाण्याआधी.

दिवाळीच्या बंदोबस्ताची यादी अजून लागायची आहे. ती आठ दिवस आधी फळ्यावर लावावी आणि साप्ताहिक सुट्टी रद्द करायची असल्यास आदल्या संध्याकाळपर्यंत कळवावे, असा विनंती अर्ज आम्ही चौघींनी लिहिला आहे. एकच अर्ज चौघींच्या सह्यांनी दिला तर त्याचा वेगळा अर्थ काढला जाईल, म्हणून त्याच्या चार प्रती केल्या आहेत. मजकूर थोडा थोडा बदलला आहे आणि प्रत्येकीने आपापला अर्ज वेगवेगळ्या दिवशी द्यायचा असे ठरले आहे. माझा दिवस गुरुवार आहे.