दादा, नेमकं कुठलं घेऊ?

तासगावात मी केबलचा धंदा करतो, त्याला सत्तावीस वर्षं झाली. आधी नुसती केबल होती, आता त्याच खांबांवरून फायबरचं इंटरनेटही जातं. बिलाला दारात गेलो की पूर्वी लोक विचारायचे, "दादा, चित्रात मुंग्या का येतायत?" आता विचारतात, "दादा, ओटीटीतलं नेमकं कुठलं घेऊ? सगळी घेतली तर किती होतील?" ओटीटी म्हणजे नेटफ्लिक्स, हॉटस्टारसारखी इंटरनेटवर बघायची ॲप. महिन्यातून वीसेक वेळा तरी हा प्रश्न येतो. दारात उभ्या उभ्या मी काहीतरी सांगतो आणि पुढच्या घरी जातो. नीट उत्तर द्यायचं राहूनच जातं. म्हणून आज बसून लिहितोय.

एक आधीच सांगतो. इंटरनेटबरोबर ओटीटीचे पॅक मीही विकतो आणि त्यात मला कमिशन मिळतं. केबलचं बिल तर माझ्याच खिशात येतं. हे लक्षात ठेवून वाचा.

कुठलं घेऊ, असं कुणी विचारलं की मी त्यांनाच विचारतो, घरात संध्याकाळी रिमोट कुणाच्या हातात असतो? ते माणूस काय बघतं? बहुतेकांना याचं उत्तर पटकन देता येत नाही. त्यांनी जाहिरात पाहिलेली असते, शेजाऱ्याकडे काय आहे ते पाहिलेलं असतं. आपल्या घरात काय बघितलं जातं ते मोजलेलं नसतं.

मालिका बघणारं घर असेल तर हिशेब चॅनेलवरून लावावा लागतो. स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी फाइव्हवर, सोनी मराठीचे कार्यक्रम सोनी लिव्हवर. टीव्हीवर एक बटण दाबलं की जे समोर येतं, त्यासाठी इथे तीन कंपन्यांच्या दारात जायचं. कलर्स मराठीच्या मालिका आधी वूट नावाच्या ॲपवर होत्या. २०२३ मध्ये वूट जिओसिनेमात गेलं. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झालं. दोन वर्षांत तीन पत्ते झाले, आणि चॅनेल मात्र तेच.

क्रिकेटचंही तसंच. आयपीएल २०२२ पर्यंत हॉटस्टारवर होती. पुढच्या पाच वर्षांचे डिजिटल हक्क जिओसिनेमा चालवणाऱ्या वायकॉम १८ या कंपनीने २३,७५८ कोटी रुपयांना घेतले आणि २०२३ आणि २०२४ ला जिओसिनेमावर सामने फुकट दाखवले. पोरं खूश झाली. २०२५ ला तीच आयपीएल जिओहॉटस्टारवर आली, पैसे भरून नाहीतर ठरावीक रिचार्ज मारून. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आशिया कप बघायचा तर सोनी लिव्ह. कुणी एवढे कोटी मोजले की ते कुठून तरी वसूल व्हायचेच, आणि ती वसुली आपल्याच घरातून होते. फुकटच्या दोन वर्षांत लोकांना सवय लागली. सवयीचे पैसे नंतर मागितले जातात हे आमच्या धंद्यात नवीन नाही. सुरुवातीच्या दिवसांत आम्हीही पहिला महिना फुकट जोडून द्यायचो.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळं आहे. पैशांच्या बेरजेआधी मला देवळामागच्या गल्लीतल्या काकू आठवतात.

त्यांचे यजमान शिक्षक होते. ते गेल्यावर पुण्याच्या मुलाने मोठा स्मार्ट टीव्ही आणून दिला, इंटरनेट घेतलं, त्यावर एक पॅक घेतला ज्यात चार-पाच ॲप होती, आणि केबल बंद केली. मुलाचा हेतू चांगला होता. आईला सगळं एका ठिकाणी मिळावं, कुणाच्या पाया पडायला नको. नातीने रिमोटवर प्लास्टिकची पिशवी चढवून रबर लावलं होतं, आणि ज्या बटणाने मालिकेचं ॲप उघडतं त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. सव्वासातला दिवाबत्ती, मग ठिपका दाबायचा. वर्षभर छान चाललं.

एके दिवशी साडेसात वाजता त्यांचा फोन आला, "अरे, ठिपका दाबला तर काहीतरी इंग्रजीत येतंय, मालिका येत नाही." मी गेलो. पॅकमधून ते ॲपच निघून गेलं होतं. कंपन्यांचा आपापसातला करार संपला होता. तसा मेसेज मुलाच्या मोबाइलवर आला असेल, त्याने पाहिला नसेल. समोर पिवळं बटण होतं, त्यावर नवीन वर्गणी भरा असं इंग्रजीत लिहिलेलं. भरायची तर मुलाचा नंबर, त्यावर येणारा ओटीपी, आणि मुलगा मीटिंगमध्ये. टीव्हीच्या पडद्यावर रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर शोधत मी त्याचा ईमेल टाकत होतो. काकू मागे खुर्चीत बसून घड्याळाकडे बघत होत्या. पाऊण तास गेला. मालिका संपून गेली.

त्या मला म्हणाल्या, "मी कुणाचे पैसे बुडवलेत का रे? मग मला का बंद केलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही. त्यांनी एक पैसा बुडवला नव्हता. महिन्याच्या महिन्याला पैसे जात होते, त्या महिन्यातही गेले होते.

ओटीटी महाग झालं असं सगळे म्हणतात, ते खरंच आहे. पण कार्यक्रमांचे असे वेगवेगळ्या ॲपमध्ये तुकडे झाल्याचा सर्वांत मोठा भुर्दंड ज्याला शोधता येत नाही त्याला बसतो. कॉलेजातलं पोरगं दोन मिनिटांत काढतं, सामना कुठे आहे, कुणाचा पासवर्ड चालतो. काकूंच्या वयाच्या माणसाला मालिका कुठे गेली हे सांगणारंच कुणी नाही. कस्टमर केअरला फोन लावला तर आधी भाषा निवडा, मग नोंदणीकृत मोबाइल नंबर टाका, आणि तो नंबर पुण्यात.

केबलमध्ये सगळं सोन्यासारखं होतं असं मी म्हणणार नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचा, म्हणजे केबलवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नवा नियम लागू झाला, तेव्हा आमच्या छोट्या ऑफिसात मी लोकांना समोर बसवून फॉर्म भरून घेत होतो. पहिल्या १०० चॅनेलना १३० रुपये आणि त्यावर कर, बाकी प्रत्येक चॅनेलची किंमत छापलेली, हवं त्यावर टिक करा. लोक वैतागले होते. कुणाचं बिल वाढलं, कुणाचा आवडता चॅनेल राहून गेला. सुटे चॅनेल घेतले तर बेरीज जास्त व्हायची, म्हणून बरेच जण फिरून बुकेवरच, म्हणजे कंपनीने बांधलेल्या चॅनेलच्या गठ्ठ्यावरच आले. पण त्या फॉर्मवर पहिल्यांदा लोकांनी वाचलं की कुठल्या चॅनेलला आपण किती देतो. एका गवंडीकाम करणाऱ्या माणसाने बोट ठेवून मला विचारलं होतं, "हे मी कधी बघितलं?" आणि ते काढून टाकलं. ओटीटीला असा फॉर्म नाही. २०२१ चे जे आयटी नियम आहेत त्यात कार्यक्रमाच्या मजकुराचं वर्गीकरण आहे, तक्रार अधिकारी आहे, पण दर कसा मांडायचा यावर तसं बंधन नाही. ते यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. दर कमी करा असं मी म्हणत नाही, तो ज्याचा त्याने ठरवावा. पण पॅकमधून एखादं ॲप काढणार असाल तर महिनाभर आधी टीव्हीच्याच पडद्यावर, मराठीत, मोठ्या अक्षरात सांगा. पैसे भरणाऱ्याचा एवढा हक्क आहे.

आता बेरीज. २०२५ साली मी वहीत मांडून पाहिली होती. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये दर कमी केले, त्यातला १९९ चा बेसिक धरला तर वर्षाचे २,३८८. त्याच महिन्यात ॲमेझॉन प्राइम ९९९ वरून १,४९९ वर गेलं होतं. जिओहॉटस्टारचा सुपर प्लॅन तेव्हा वर्षाला ८९९. झाले ४,७८६, म्हणजे महिन्याला चारशेच्या घरात, आणि यात झी फाइव्ह, सोनी लिव्ह धरलेलंच नाही. इंटरनेटचं बिल वेगळं. जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या. त्या नको असतील तर तेव्हा वर्षाला आणखी ६९९ लागायचे. जिओहॉटस्टारच्या सुपरमध्येही जाहिराती आहेतच. केबलला पैसे देऊन वर जाहिराती बघायच्या, याला कंटाळून ज्यांनी केबल सोडली त्यांना हे मी आवर्जून सांगतो. शिवाय २०२३ च्या जुलैपासून नेटफ्लिक्सने एकाचा पासवर्ड दुसऱ्या घरात चालवणं बंद केलं. मुलगा हिंजवडीत, आई-वडील इकडे, म्हणजे घरं दोन धरली जातात.

पैसे कापले जातात त्याकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. माझा एक मित्र आहे, त्याचं सलून आहे. मुलीच्या परीक्षेनंतर तिने एक ॲप महिन्यासाठी घेतलं, एक सिरीज बघितली आणि विसरली. आठ महिने पैसे जात होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं, आणि ते कळवतातही. पण दिवसाला चाळीस मेसेज येणाऱ्या फोनमध्ये तो इंग्रजी मेसेज कोण वाचतो? १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपीही लागत नाही. म्हणून यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे किंवा मँडेट असं लिहिलेलं असतं ते उघडा. तिथे तुमच्या नावावर काय काय चालू आहे ते दिसतं आणि तिथूनच बंद करता येतं. नुसतं ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली असं होत नाही, हे कृपा करून घरातल्या सगळ्यांना सांगा. बंद करू देत नसतील तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. वर्गणी घेणं सोपं आणि सोडणं अवघड करून ठेवणं हे ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या १३ प्रकारांमध्ये नावासकट घातलेलं आहे.

तर कुठलं घ्यायचं? एका वेळी एकच घ्या, फार तर दोन. जे रोज बघितलं जातं ते कायम ठेवा, बाकी पाळीपाळीने. एक महिना हे, जे साठलंय ते बघून घ्या, बंद करा, पुढच्या महिन्यात ते. सिरीज कुठे पळून जात नाही. वर्षाचं स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. वर्षभरात करार बदलतात, ॲप एक होतात, हे वर पाहिलंतच. क्रिकेटवाल्यांनी आधी कुठला दौरा कुणाकडे आहे ते बघावं आणि तेवढ्यापुरतं भरावं. दूरदर्शनचं जुनं काही बघायचं असेल तर प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या वेळी वेव्हज हे ॲप सुरू केलंय, त्यात बरंच फुकट आहे. वाडी-वस्तीवर सह्याद्री आणि बातम्या एवढ्यावर भागत असेल तर डीडी फ्री डिशची छत्री लावा, महिन्याचं भाडंच नाही. माझं गिऱ्हाईक गेलं तरी मी हे सांगतो.

आणि घरात एकटं वयस्कर माणूस असेल, नुसत्या मालिका आणि कीर्तन बघणारं, तर केबल किंवा डीटीएच तोडू नका. महिना तीनशे रुपयांच्या आसपास त्यांच्या सगळ्या मराठी मालिका येतात, बॉक्स लावला की चॅनेलचा नंबर दाबायचा, संपलं. ओटीटी मुलांनी आपल्या घरी घ्यावं. स्मार्ट टीव्हीच द्यायचा असेल तर नोंदणीचा नंबर त्यांचा स्वतःचा टाका, म्हणजे मेसेज त्यांना येईल, आणि ओटीपीसाठी पुण्याला फोन लावावा लागणार नाही.

काकूंच्या मुलाशी मी फोनवर बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. केबल परत सुरू केली, आणि नातीसाठी एक ॲप काकूंच्याच नंबरवर ठेवलं, ती सुट्टीत येते तेव्हा लागतं. परवा बिलाला गेलो तेव्हा त्या चहा टाकायला आत गेल्या. भिंतीवर कॅलेंडर होतं, दुधाच्या खुणा केलेलं. २३ तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "ॲप संपते. केबलवाल्याला विचारणे."