सावरून बसणं

लहानपणी मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला शब्द म्हणजे 'सावरून'. सावरून बस, सावरून चाल, जिना उतरताना सावर, वारा सुटला की सावर, आणि खाली पडलेलं काही उचलायचं असेल तर दोन्ही हातांनी सावर. (मग ते उचलायचं कशानं, हे कुणी सांगितलं नाही.) धाकट्या भावाच्या वाट्यालाही हा शब्द यायचा, पण सायकल शिकताना. त्यानं तोल सावरायचा, मी कपडे.

सवय अशी लागली की पुढे कुणी सांगायची गरजच उरली नाही. गॅसवर दूध ठेवून बाहेरच्या खोलीत गप्पा मारत बसावं, तशी मी वर्षानुवर्षं वावरले. बोलणं चालू, हसणं चालू, कामही चालू, पण एक कान आतल्या खोलीकडे. गळा पुढे आला का? पाठीमागून टॉप वर सरकला का? पट्टी दिसतेय का? ऑफिसात मी काही महत्त्वाचं बोलत असले, तरी माझा डावा हात आपण होऊन टॉपची कड खाली ओढत असायचा. त्या हाताला मी कधी काम सांगितलं नव्हतं, पण बिचारा बिनपगारी राबत होता.

हे सगळं लक्षात आलं ते एका आखूड पँटमुळे. भावाच्या वाढदिवसाला घेतलेली सुती पँट त्याला आखूड झाली आणि पावती मी, माझ्या लौकिकाला साजेसं, हरवलेली. चांगलं कापड वाया कशाला घालवायचं म्हणून मीच ती घालून एक दिवस कामाला गेले. संध्याकाळी घरी येऊन चपला काढताना जाणवलं, आज दिवसभरात कपडे आठवलेच नाहीत. मी वाकले होते, जिन्यावर बसले होते, मांडी घालून फायली लावल्या होत्या. दूध उतू गेलं नाही, कारण गॅसवर दूधच नव्हतं.

आणि खिसे! पहिल्यांदा हात घातला तर तो आत जातच राहिला. मोबाईल, किल्ल्या, रुमाल, पेन आणि वर एक सुटी चिठ्ठी असं सगळं एका खिशात मावलं आणि दुसरा रिकामाच. बायकांच्या पँटला खिसा नसतो असं नाही. असतो, पण बऱ्याचदा नुसता शिवणीचा देखावा, नाही तर दोन बोटं बुडतील एवढा. ही नुसती कुरकुर नाही, मोजलेलं आहे. २०१८ मध्ये 'द पुडिंग' या संकेतस्थळानं २० ब्रँडच्या जीन्स टेप घेऊन मोजल्या. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के कमी खोल आणि साडेसहा टक्के अरुंद निघाले. खोलीतच निम्मा खिसा गायब!

पूर्वी असं नव्हतं, ही गंमत. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातल्या बायका घेरदार झग्याच्या आत कमरेला नाडीनं कापडी खिसे बांधत आणि झग्याच्या चिरेतून हात घालून हवी ती वस्तू काढत. मग अठरावं शतक संपता संपता अंगासरशी झुळझुळीत झग्यांची फॅशन आली. आतल्या खिशांचा फुगवटा बाहेरून दिसायला लागला, तेव्हा खिसे गेले आणि हातात छोटी पिशवी आली. थोडक्यात, बाई दिसावी नीट म्हणून तिच्या एका हाताला कायमचं काम लागलं. आपल्या भाषेनं मात्र हा हिशेब कधीच मांडून ठेवलाय. खर्च झाला की खिशाला कात्री लागते, नाही तर पदराला खार लागतो. पण समोरच्याला कुणी खिशात घालतं, आणि पदरात मात्र घ्यावं लागतं, बहुतेक वेळा चुका.

त्या पँटची चटक लागली, पण पुढची विकत घेणं तितकं सोपं नव्हतं. दुकानात पुरुषांच्या विभागात शिरले तसा विक्रेता लगबगीनं आला. "मॅडम, लेडीज वरच्या मजल्यावर." म्हटलं, मला हेच बघायचंय. "मिस्टरांसाठी?" नाही. "मग माप?" मी स्वतःच्या कमरेवर बोट ठेवलं. तो क्षणभर थांबला, मग धंद्याला जागून म्हणाला, "बत्तीस बसेल." शर्टही घेतला. त्याची बटणं उजवीकडे, बायकांच्या शर्टाची डावीकडे, त्यामुळे दोन दिवस आरशासमोर बोटं गोंधळली.

सुटसुटीत कपडे घातले की लगेच मोकळं वाटतं, असं मात्र नाही. सुरुवातीचे काही आठवडे मी उलट जास्तच अवघडले होते. कपड्यावरची नजर काढली, तर ती लोकांच्या नजरेवर जाऊन बसली. लिफ्टमध्ये कुणी पायापासून वर बघितलं की वाटायचं, झालं! इथे मला बायकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या अमेलिया ब्लूमरबाई जवळच्या वाटतात. १८५१ मध्ये अमेरिकेत आखूड झग्याखाली ढगळ विजार घालायचा त्यांनी हिरिरीनं पुरस्कार केला. त्या विजारीला त्यांचंच नाव चिकटलं. पण काही वर्षांनी त्यांनी स्वतःच तो वेष सोडला, कारण लोक बायकांच्या हक्कांबद्दल ऐकायचे सोडून विजारच बघत बसायचे. मला ही माघार वाटत नाही. रोज सगळ्यांच्या नजरा अंगावर वागवायच्या, तर विजार तरी हलकी कशी राहणार?

पॅरिसमध्ये तर पोलिसांचा फतवाच होता. १८०० सालापासून पुरुषी वेष करायचा तर बाईला परवाना लागे. रोझा बॉनर ही प्राण्यांची चित्रं काढणारी नामांकित चित्रकार. तिला घोड्यांच्या बाजारात, खाटीकखान्यात जाऊन रेखाटनं करायची होती, म्हणून तिनं तो परवाना काढला. त्यावर डॉक्टरची सही लागे आणि दर सहा महिन्यांनी नूतनीकरण! पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये सवलत मिळाली ती अशी, की हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर पँट चालेल. त्यापेक्षा आपला गाडी चालवायचा परवाना परवडला. तो नियम निर्जीव झाला होता, पण कालबाह्य असल्याचं सरकारनं स्पष्ट सांगितलं ते २०१३ मध्ये.

माझ्याकडे असा फतवा नव्हता, पण मावशी होती. एका घरच्या समारंभाला मी ती पँट आणि कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले, तर तिनं मला बाजूला घेतलं. "अगं, चांगली दिसतेस म्हणून सांगते, हे जरा पुरुषी नाही का वाटत?" मी म्हटलं, "मावशी, वाटत असेल. पण मला छान वाटतंय." तिला उत्तर पटलं नाही, मलाही फारसं जमलं नव्हतं. कारण मी बंडखोर वगैरे मुळीच नाही. मला झुळझुळीत, जड काठाचे, दर पावलाला सांभाळावे लागणारे कपडेही आवडतात. वर्षातून चार वेळा हौसेनं घालते. तेव्हा सावरणं हाच त्या कपड्याचा अर्धा आनंद असतो. पण हौसेनं सावरणं वेगळं, आणि सोमवारी सकाळी बस पकडताना सावरणं वेगळं.

त्या समारंभात तासाभरानं मावशी परत आली. जेवायला बसायचं होतं आणि तिच्या हातात चष्म्याची पेटी, मोबाईल आणि कपाटाची किल्ली. इकडेतिकडे बघून तिनं तिन्ही माझ्यापुढे धरलं. "जरा ठेव गं." ठेवलं. मग आत्यानं किल्ल्या दिल्या, वहिनीनं बाळाचं टोपडं. जेवण होईपर्यंत मी फुगून कुंभ झाले होते, पण हात दोन्ही मोकळे.

परवा रात्री मावशीचा फोन आला. घरात पुन्हा काही कार्य आहे. कोण येणार, कोण रुसलंय, सगळं सांगून झालं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आणि हे बघ, ती खिशांची पँटच घालून ये हं."